मामांसोबत लॉस लोबोस : ईस्ट एलए ते गोल्डन गेट पार्क

हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास हे नाव ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या वीकेंडला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये शुक्रवार ते रविवार गाणंबजावणं चालतं, एकाच वेळी बऱ्याच स्टेजवर, आणि तिकीट नाही. खरंच नाही, गेटवर कोणी विचारत पण नाही. २००१ मध्ये वॉरन हेलमन नावाच्या एका इन्व्हेस्टमेंटवाल्या गडगंज माणसाने स्वतःच्या खिशातून सुरू केलं, कारण काय तर त्याला बँजो वाजवायची हौस होती. २०११ मध्ये तो गेला पण जाताना मागे पैशाची सोय करून गेला, म्हणून अजून फुकट चालू आहे. लाइनअपमध्ये लॉस लोबोस, म्हणजे ईस्ट एलए (लॉस एंजेलिसचा पूर्व भाग) इथला मेक्सिकन-अमेरिकन बँड, दिसले आणि मी मेघनाला म्हणलं, यावेळी विमान नको, गाडी काढू आणि रमतगमत जाऊ, मामांना पण नेऊ.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा, तासगावचे, द्राक्षबागायतदार, गळ्यात माळ, गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसतात. टुरिस्ट व्हिसावर आमच्याकडे आलेले आणि डिस्नेलँड वगैरे बघून झाल्यावर अक्षरशः कंटाळलेले. गाण्याला चल म्हणल्यावर पहिला प्रश्न, "इंग्लिश गाणं हाय व्हय?" म्हणलं थोडं इंग्लिश थोडं स्पॅनिश. "मग बरं हाय, कुठलंच कळणार न्हाई."

बुधवार, ईस्ट एलए

उत्तरेकडे निघायच्या आधी अर्धा दिवस मुद्दाम उलट्या बाजूला घालवला, कारण हा बँड जिथला तो भाग मामांना दाखवायचा होता. आधी बॉइल हाइट्समधला मरियाची प्लाझा. मधे दगडी घुमटी आहे, मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याने दिलेली, आणि तिच्या आसपास चांदीची बटणं लावलेले सूट घालून, गिटारच्या केस पायाशी ठेवून वादक उभे असतात. लग्न, बारसं, मयत, काही असेल तर लोक गाडी घेऊन येतात, भाव ठरवतात आणि ताफा उचलून नेतात. त्यातल्या एकाकडे पोटाला फुगवटा असलेली अवाढव्य गिटार होती, गिटारॉन म्हणतात तिला, बेसचं काम करते. मामा तिच्याभोवती दोन चकरा मारून आले. तो माणूस हसला आणि एक तार छेडून दाखवली, बरगडीत घुमली.

तिथनं गारफिल्ड हायस्कूल. बाहेरून बघितलं तर नेहमीची सरकारी शाळा. डेव्हिड हिडाल्गो, लुई पेरेझ, सीझर रोसास आणि कॉनरॅड लोझानो हे चौघे या शाळेतले. १९७३ ला बँड झाला. त्याआधी ही सगळी पोरं आपापल्या गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गिटारवर रॉक वाजवत होती आणि मग विशीत आल्यावर यांना काय सुचलं तर घरातल्या मोठ्या माणसांच्या जुन्या मेक्सिकन रेकॉर्ड काढून ते वाजवायला शिकायचं. पुढची कितीतरी वर्षं लग्नं, घरगुती समारंभ आणि रेस्टॉरंटमध्ये वाजवत काढली. मला या बँडचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. लग्नात वाजवणाऱ्याला रुसून चालत नाही, समोर आजी पण असते आणि पिऊन आलेला मेव्हणा पण असतो, आणि दोघांना नाचवायचं असतं.

जेवण ही मोठी भानगड झाली. मामा माळकरी, आणि इथे साध्या राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये सुद्धा डुकराची चरबी घालायची पद्धत आहे, मांतेका म्हणतात, त्यामुळे नुसतं 'मीट नको' म्हणून भागत नाही. मेघनाने काउंटरवरच्या बाईंना तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं तर त्यांनी कढईकडे बोट करून मान हलवली, आहे म्हणून. मग चीज घातलेला टॉर्टिया, भाजलेली मिरची, अवाकाडो आणि हिरवी चटणी. मामांनी मिरची चावून बघितली, म्हणाले तिखट म्हणावं तशी न्हाई, आणि अजून दोन मागवल्या.

गुरुवार, बेकर्सफील्ड आणि नव्व्याण्णव नंबरचा हायवे

आय-फाइव्ह हायवेवरनं घाट चढून पलीकडे उतरलं की एकदम सपाट सेंट्रल व्हॅली सुरू होते, आणि तिथून नव्व्याण्णव नंबर पकडला की बेकर्सफील्ड. लोक इथे पेट्रोल भरून पुढे जातात. पण कंट्री म्युझिकसाठी नॅशव्हिलच्या खालोखाल हे गाव आहे असं माझं मत, आणि मी ते कुठेही भांडून सांगेन. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा, टेक्सासकडची माणसं देशोधडीला लागली ती इथे कापूस वेचायला आली, येताना गाणी घेऊन आली, आणि त्यांच्या पोरांनी पुढे दारूच्या गुत्त्यांमध्ये टेलिकास्टर गिटार कर्कश करून जे वाजवलं ते बेकर्सफील्ड साउंड. नॅशव्हिलवाले तेव्हा व्हायोलिनचे ताफे लावून गाणी गुळगुळीत करत होते, त्याच्या बरोबर उलटं.

कर्न काउंटी म्युझियममध्ये मर्ल हॅगार्डचं लहानपणचं घर आणून ठेवलंय. घर म्हणजे रेल्वेचा मालडबा. ओक्लाहोमाहून आलेल्या बापाने जुन्या डब्याला खिडक्या-दारं पाडून घर केलं आणि १९३७ साली जन्मलेला मर्ल त्यात वाढला. बाप लवकर गेला, पोरगं वाया गेलं, सॅन क्वेंटिनच्या जेलमध्ये असताना जॉनी कॅश तिथे गायला आला ते याने कैद्यांत बसून ऐकलं, आणि बाहेर येऊन स्वतः मोठा गायक झाला. मामा डब्याला हात लावून म्हणाले, "ह्यात उन्हाळ्यात माणूस भाजून निघत असंल की."

बक ओवेन्स हा इथला कंट्री गायक, त्याचा क्रिस्टल पॅलेस हा गाण्याचा हॉल बाहेरूनच बघितला, शेजारी गावाच्या नावाची जुनी पिवळी-निळी कमान आहे, फोटो काढला. २००६ मध्ये या पॅलेसमध्ये रात्री गाऊन बक घरी गेला आणि झोपेतच गेला. आता गंमत बघा. १९८८ मध्ये ड्वाइट योकमबरोबर याच गावावरचं गाणं त्याने म्हणलं, कंट्रीच्या चार्टवर एक नंबरला गेलं, आणि त्यात सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते काय, तर सॅन अँटोनियोच्या फ्लाको हिमेनेझचं अकॉर्डियन. गोऱ्या ओकींच्या, म्हणजे ओक्लाहोमाकडून आलेल्यांच्या, गावाचं गाणं आणि त्याचा जीव एका टेक्सास-मेक्सिकन माणसाच्या भात्यात. कंट्री आणि लॅटिन यांचं फ्यूजन, संगम वगैरे शब्द लोक वापरतात तेव्हा मला हसू येतं. एकाच रानात कापूस वेचणारी माणसं ही, बांधाच्या अलीकडं-पलीकडं राहून एकमेकांची गाणी कानावर पडल्याशिवाय राहतील का?

पुढे डिलेनो लागलं आणि मामा एकदम सरळ होऊन बसले, कारण दोन्ही बाजूला द्राक्ष. मैलोनमैल. गाडी आतल्या रस्त्याला घ्यायला लावली. एका बागेच्या कडेला बेदाणा करायचं काम उरकत आलं होतं, दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागद आणि कागदावर तपकिरी झालेला माल. मामांना हे पटेचना. आमच्याकडे द्राक्ष डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर टाकतात, सावलीत सुकवतात, म्हणून बेदाणा हिरवा-पिवळा राहतो. "हे उघड्यावर, मातीत! आणि पाऊस आला म्हंजे?" म्हणलं मामा इथे उन्हाळाभर पाऊसच पडत नाही. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि द्राक्षवाल्या माणसाला हे वाक्य ऐकून काय वाटत असेल ते तासगाव-पलूसच्या लोकांना वेगळं सांगायला नको. जात मात्र ओळखीची, थॉमसन सीडलेस, आमच्याकडची तास-ए-गणेश हिच्यातूनच निवडलेली, बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी. म्हणजे मामा एका अर्थी पाहुण्यांच्यात आले होते.

याच डिलेनोत १९६५ ला द्राक्षमजुरांचा संप झाला, आधी फिलिपिनो मजूर उठले, मग सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची संघटना उतरली, पाच वर्षं चालला, अख्ख्या देशात लोकांनी द्राक्ष खायची बंद केली. आणि लॉस लोबोस सगळ्यात आधी ज्या रेकॉर्डवर वाजले, १९७६ साली, ती या मजुरांच्या युनियनच्या मदतीसाठीच काढलेली होती. मी हे रंगवून सांगत होतो तर मामा म्हणाले, "आणि बागायतदारानं काय करायचं? आमच्यात छाटणीला माणूस मिळंना झालाय." त्यावरनं मेघना आणि मामांचं जे सुरू झालं ते फ्रेस्नो येईपर्यंत चाललं. मी गाडी चालवत होतो, मी कोणाचीच बाजू घेतली नाही.

रात्री उशिरा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला मित्राकडे पोचलो. आमटी-भात.

शुक्रवार

सकाळी मामांचा घरी व्हॉट्सॲप कॉल, तिकडे रात्र. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या गोडी छाटणीचे, फळ धरायच्या छाटणीचे दिवस, बाग पोरावर टाकून आलेले, त्यामुळे रोज अर्धा तास छाटणी कुठवर आली, पेस्ट लावली का, ढग आहेत का. मग बार्ट नावाच्या लोकल रेल्वेने सॅन फ्रान्सिस्को आणि पुढे बसने पार्क. फ्रीमाँटला ऊन होतं, पार्कात धुकं. मामांनी पिशवीतून कानटोपी काढून घातली, आणि हजारो काउबॉय हॅटमध्ये ती एक चॉकलेटी कानटोपी असल्यामुळे पुढे तीन दिवस गर्दीत मामा हरवायचं टेन्शन राहिलं नाही.

शुक्रवारी गर्दी बेताची असते. निलगिरीची मोठमोठी झाडं, उतारावर गवत, लोकांच्या सतरंज्या, बुटक्या खुर्च्या, कुत्री, पोरं, आणि सगळ्यावर एक हिरवट धूर. "काय रं, हा वास?" म्हणलं तोच. "गोसावी बसत्यात तिथं असतोय असला." पांढऱ्या दाढ्यांची म्हातारी मंडळी आजूबाजूला डोळे मिटून डुलत होती, म्हणजे तसं फार काही चुकलं नव्हतं त्यांचं. त्या दिवशी ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलवरचं जुन्या ढंगाचं अमेरिकन गाणंबजावणं, ऐकलं भरपूर, एका माइकभोवती पाच जण उभे राहतात आणि ज्याची पाळी तो पुढे सरकतो. मामांना बँजोपेक्षा हे सरकणं आवडलं. बाकी विशेष नाही, लसूण घातलेल्या फ्रेंच फ्राइज फार महाग आहेत.

शनिवार

आज लॉस लोबोस. दुपारीच जाऊन जागा धरली, स्टेजपासून फार लांब नाही आणि स्पीकरच्या अगदी पुढ्यात पण नाही. मागच्या सतरंजीवर वॉटसनव्हिलचं एक कुटुंब, आजी, मुली, नातवंडं. आजीने मामांची माळ बघितली, स्वतःच्या गळ्यातला क्रॉस दाखवला, आणि पर्समधून चिंचेची तिखटमीठ लावलेली गोळी काढून दिली. मामांनी ती तोंडात टाकली आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आपल्याकडचं काहीतरी मिळाल्याचा आनंद दिसला. बदल्यात आम्ही शेंगदाण्याची चिक्की दिली.

बँड आला तो कसलाही तामझाम न करता. सीझर रोसास काळा गॉगल लावून, डावखुरी गिटार. कॉनरॅड लोझानो बेस घेऊन हसत, तो कायम हसत असतो. लुई पेरेझ मूळचा ड्रमर पण गेली कित्येक वर्षं पुढे येऊन गिटार वाजवतो, ड्रमवर आता दुसरा तरुण मुलगा. स्टीव्ह बर्लिन सॅक्सोफोन आणि कीबोर्ड, हा एकटा ईस्ट एलएचा नाही, १९८४ च्या सुमाराला ब्लास्टर्स नावाचा बँड सोडून इकडे आला तो राहिलाच. आणि मधे डेव्हिड हिडाल्गो, अंगाने भारदस्त, चेहऱ्यावर एक रेष हलत नाही, आणि गळा असा की एवढ्या मोठ्या देहातून एवढा कोवळा आवाज येतो यावर विश्वास बसत नाही.

पहिली तीन-चार गाणी कडक रॉक आणि ब्लूज, गिटारी फुल्ल. मामांनी कानटोपी अजून खाली ओढली. मला वाटलं संपलं, आता हे चहा मागणार. मग हिडाल्गोने गिटार ठेवली आणि अकॉर्डियन गळ्यात अडकवलं, रोसासने बाहो सेक्स्तो घेतला. बाहो सेक्स्तो म्हणजे बारा तारांची जाड आवाजाची गिटार, सहा जोड्या, अकॉर्डियनच्या बुडाला ठेका आणि खर्ज देते. सुरू झाली पोल्का, जलद ठेक्याचा नाच. मागची आजी उठली, नातवाला ओढलं, आणि आमच्या आजूबाजूच्या सगळ्या सतरंज्या पटापट गुंडाळल्या गेल्या.

मामांनी कानटोपी काढली. खिशात घातली. आणि उभे राहिले, नाचायला नाही, बघायला. एक गाणं पूर्ण त्यांची नजर फक्त हिडाल्गोच्या हातावर. मग माझा दंड धरून म्हणाले, "बटन तेच दाबतोय, पण भाता ओढताना सूर वेगळा आणि दाबताना वेगळा निघतोय. बघ, बघ आता!" मी इतकी वर्षं हे अकॉर्डियन ऐकतोय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, या बटणांच्या अकॉर्डियनमध्ये एकाच बटणाला भाता उघडताना एक पट्टी बोलते आणि मिटताना दुसरी. आपली पेटी आणि हे वाद्य एकाच जातीचं, वाऱ्यावर थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं, फक्त पेटीत भात्याने हवा भरायची आणि सुराचा निर्णय बोटांचा, इथे निम्मा निर्णय भात्याचा. म्हणून त्या पोल्काला तो झटका येतो, भाता फिरवावाच लागतो ना सारखा. "मींड न्हाई निघत पण ह्यातनं," मामा म्हणाले, आणि लगेच "पण आमच्या पेटीत तरी कुठं निघतीय."

हे वाद्य मेक्सिकनांकडे आलं ते १९ व्या शतकात टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत येऊन राहिलेल्या जर्मन आणि चेक लोकांकडून, पोल्का पण त्यांचीच. म्हणजे चेक नाच, मेक्सिकन गिटार, आणि गायला ईस्ट एलएचा माणूस.

मधे एक संथ गाणं झालं, लांडगा जगेल का असं विचारणारं, १९८४ चं, त्यांच्या त्या अल्बमचं नावही जवळपास तेच. हे गाणं दोनच वर्षांनी वेलन जेनिंग्जने उचललं आणि अल्बमलाच ते नाव दिलं, आणि वेलन म्हणजे टेक्सासचा, कंट्रीतला दादा माणूस. ज्याला 'हा बँड कंट्री कुठे आहे' असा प्रश्न असेल त्याने दोन्ही लागोपाठ ऐकावीत. हिडाल्गो ते गाताना डोळे मिटतो आणि शेवटची ओळ उगाच ताणत नाही, तिथेच सोडतो. आमच्या पुढचा टॅटूवाला धिप्पाड माणूस रडत होता, बिअर हातात तशीच.

मग कुंबिया, हा लॅटिन अमेरिकेतला नाच. कुंबियाचा ठेका इतका सोपा आहे की ज्याला चालता येतं त्याला नाचता येतं, आणि आजींनी शेवटी मामांना ओढलंच. मामा आधी लाजले, नंतर वारीतली पावली सुरू केली, दोन पावलं पुढे एक मागे, हात कमरेवर. बसली! तंतोतंत बसली. मेघनाने व्हिडिओ काढला, तो आता तासगावात कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतोय देव जाणे.

शेवटी 'ला बाम्बा' झालं, होणारच होतं. या गाण्याबद्दल माझं जरा तिरकं मत आहे. १९८७ मध्ये रिची व्हॅलेन्स या जुन्या रॉक गायकावरच्या सिनेमासाठी यांनी ते केलं, तीन आठवडे अमेरिकेत एक नंबरला, आणि तेव्हापासून निम्म्या जगाला लॉस लोबोस म्हणजे हे एकच गाणं माहिती. गाणं मूळ वेराक्रूझचं, जुनं लोकगीत, लग्नात वाजायचं, नवरानवरी पायाने रिबिनीची गाठ बांधायची असा नाच त्यावर. म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या पोरांना जगात नाव मिळालं ते पण लग्नाच्याच गाण्याने. पण एवढं यश आल्यावर माणूस काय करेल? तसंच अजून एक करेल. यांनी १९८८ ला काय काढलं तर इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून, पारंपरिक वाद्यांवर, सगळं स्पॅनिशमध्ये, 'ला पिस्तोला इ एल कोराझोन'. रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांची झोप उडाली असणार. ग्रॅमी मिळालं त्याला. मी कोणाला हा बँड ऐकायला सुचवतो तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करा म्हणतो. तरी पण हजारो लोकांबरोबर उभं राहून ते गाणं ऐकताना मी घसा बसेपर्यंत ओरडलो हे पण खरं.

रविवार

थकलो होतो पण गेलो. शेवटच्या दिवशी शेवटी कंट्री गायिका एमिलू हॅरिस गाते हा इथला रिवाज, पांढरेशुभ्र केस, आणि सुरुवातीच्या वर्षापासून ती येत आलीय. हेलमन हॉलोमध्ये, म्हणजे त्या बँजोवाल्याचंच नाव दिलेलं मैदान, माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. तिचं गाणं सुंदर झालं, मला मात्र शनिवार डोक्यातून जात नव्हता. मामांना एमिलू फार आवडली, "भजन म्हणल्यागत म्हणतीय बाई, ओरडत न्हाई."

सात वाजता सगळं बंद. फुकटच्या कार्यक्रमाची खरी किंमत बाहेर पडताना कळते, बसच्या रांगा, फोनला रेंज नाही, थंडी. जुडा स्ट्रीटपर्यंत चालत जाऊन ट्रामच्या रांगेत उभे राहिलो आणि तिथे मामांच्या फोनला रेंज आली, तासगावात सोमवारची सकाळ. एवढ्या शांत रांगेत मामांचा आवाज, "आरं न्हाई, इंग्लिश न्हवं! लग्नात वाजवायची ही माणसं आधी. पेटी हाय त्यांच्याकडं, उभी धरत्यात, भाता दोन्हीकडनं बोलतोय... व्हय, व्हिडिओ बघितलास का? ... बरं ते असू दे, खालच्या तुकड्याची छाटणी झाली का? पाऊस? किती? मग फोन काय घेत बसलायस, डावणीचं औषध मार जा आधी!"